चार किलो लंबूचे

खारूचं वजन सोमवारी चाळीस किलो भरलं, तर डॉक्टर तिला दोन दिवस घरी सोडणार होते. घरी कुत्रीला पिल्लं झाली होती आणि त्यांचे डोळे उघडायच्या आत खारूला ती बघायची होती. पण आजारानं त्या पंधरा वर्षांच्या पोरीचं असं पाखरू करून टाकलं होतं, की पंखा लावायच्या आधी आई तिची चादर गादीखाली खोचून घ्यायची.

"अडतीसच आहे रे मी," ती कुरकुरली.

"खिसे कशाला असतात?" शेजारच्या खाटेवरून लंबू म्हणाला. लंबू सोळा वर्षांचा, त्याच आजारातला तिचा सीनियर. केस दोघांच्याही डोक्यावर नव्हते.

सोमवारी खारू काट्यावर चढली ती कपाटाचं कुलूप, टॉर्चचे सेल आणि दार अडवायचा लोखंडी ठोकळा बाळगूनच. काटा थेट बेचाळिसावर!

"आठवड्यात चार किलो?" डॉक्टर उडालेच. "काय खायला घातलंत हिला?"

"माझं भोपळ्याचं सूप," आई लाजून म्हणाली.

ते सूप रोज खिडकीतल्या कुंडीत जायचं. तिथलं रोप छताला टेकलं होतं.

झालं! अख्ख्या वॉर्डाला सूप पाजायचा हुकूम सुटला. पोरं खारूकडे खाऊ की गिळू अशी बघायला लागली.

"वजन वाढलं, तर औषधाचा डोसही वाढवायला हवा," डॉक्टरांनी पेन उघडलं.

लंबूचा चेहरा पडला. खारूनं डोळे वटारले.

"डॉक्टर," तो म्हणालाच, "त्यातले चार किलो माझे आहेत."

खिसे रिकामे झाले. काटा अडतिसावर आला. आई त्या रोपाकडे बघत राहिली.

"फितूर!" खारू रडायलाच लागली.

"जास्तीचा डोस काय करतो, मला माहितीये. महिनाभर ओकतोय मी."

सिस्टरची मान गर्रकन वळली. "तुला रे कसा जास्तीचा?"

लंबूनं मुकाट्यानं खिशातून दोन पितळी कड्या आणि एक लोखंडाचा तुकडा काढला. "आई रोज फोनवर तुम्हाला माझं वजन विचारते," तो म्हणाला. "कमी सांगितलंत की माझ्याशी बोलतच नाही मग."

लंबूचा डोस कमी झाला. तिसऱ्या दिवशी लंबूनं हाक मारली, "काकू, सूप उरलंय?" तो वाटी चाटतोय हे बघून, निव्वळ खुन्नस म्हणून, खारूनंही दोन वाट्या रिचवल्या. मग रोजच.

तीन सोमवारांनी ती चाळीस भरली. घरी पिल्लांचे डोळे केव्हाच उघडले होते. बघायला गेली ती, आणि तिलाच चौघांनी टकामका बघून घेतलं.

तिनं लंबूला फोन लावला. "सगळ्यात लठ्ठ आहे ना, त्याचं नाव लंबू ठेवलंय."

"वजन किती?"

"दीड किलो. आणि खरं हं," खारू म्हणाली, "त्याला खिसे नाहीत."