सगुणा भेकरीण आणि लाल दिवा

एका जंगलात, बाळांनो, वाघापेक्षा जास्त धाक एका डब्याचा होता. डब्याचं नाव राउटर. ऐनाच्या झाडावर तो टांगलेला असे. हिरवा दिवा असला की जंगल सुखात. लाल लागला की सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळे.

पूर्वी असं नव्हतं. वाघ निघाला की दगडूअण्णा वानर शेंड्यावरून हुपहुप करायचा, भेकरं भुंकायची आणि सगळे पळायचे. पण डबा आला आणि आरडाओरडा गावंढळ ठरला. आता प्रत्येकाच्या गळ्यात मोबाइल होता. अण्णा शेंड्यावरून फक्त संदेश पाठवायचा, 'वाघ निघाला आहे. कृपया पळावे.'

एका दुपारी सगुणा भेकरीण ऐनाखाली चरत होती. तिचं पाडस पाणवठ्यावर गेलं होतं. सहज वर पाहते तो दिवा लाल!

"अण्णा, सगळं ठीक आहे ना?"

"कसलं ठीक! वाघ पाणवठ्याकडं निघालाय. तीनदा संदेश पाठवला, जातच नाही."

सगुणानं पाणवठ्याकडं मान वळवली. "मग ओरडा की!"

"मी? या पदावर बसून?" अण्णा दुखावला. "तू केंद्रात तक्रार कर."

सहायता केंद्र त्याच झाडाच्या ढोलीत होतं. आत राघू बसायचा, समोर कागद ठेवून. ढोलीबाहेर ग्राहकांसाठी कॉम्प्युटर आणि माउस होता.

"नमस्कार. आपली गैरसोय आम्ही समजू शकतो," राघू म्हणाला. "डबा बंद करून चालू केलात?"

"केला. राघूभाऊ, माझं लेकरू तिकडं..."

"लेकरू नंतर. राउटरच्या चित्रावर बाण न्या. माउसचं डावं बटण एकदा दाबा."

सगुणानं दाबलं. पडद्यावर भलतंच काहीतरी उघडलं.

"डावं म्हटलं मी, ताई."

"डावंच दाबते हो! पण माझ्या खुराला दोन फाका. दोन्ही बटणं एकदम दबतात."

राघूनं कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. खुराबद्दल त्यात एक ओळ नव्हती. कागद माकडांनी लिहिला होता आणि माकडांना बोटं असतात.

"मग डबल क्लिक करून बघा."

सगुणानं केलं. पडद्यानं विचारलं, 'सगळं पुसून टाकायचं का?'

"ती चौकट धरून बाजूला ओढा."

"धरू कशानं?" तिनं नाक लावून पाहिलं. बाण जागच्या जागी थरथरला.

"शंभर पावलं राहिली गं!" वरून अण्णा म्हणाला.

"राघूभाऊ, तुम्ही तरी ओरडा! तुमचा गळा मोकळा आहे."

"वाघ आमच्या विभागात येत नाही. कृपया लाइनवर राहा." आणि राघू वाट पाहणाऱ्यांसाठीची गोड शीळ घालू लागला.

तेव्हा मात्र सगुणाचं डोकं फिरलं. तिनं माउस लाथाडला, मान वर केली आणि जीव खाऊन भुंकली. क्षणभर तिला लाज वाटली. मग ती आणखी मोठ्यानं भुंकली.

सगळं जंगल पळालं. पाडस उड्या मारत आलं आणि आईच्या पोटाखाली शिरलं. वाघाला नुसतं पाणी पिऊन परतावं लागलं. सगुणा पाडसाला चाटत राहिली आणि रडत राहिली.

"ताई," राघूनं विचारलं, "संदेश पोचला का?"

"पोचला."

"म्हणजे तक्रार निकाली. आता पाच चांदण्यांवर क्लिक करून अभिप्राय द्या."

"अहो, दिवा अजून लालच आहे!"

"त्यासाठी नवी तक्रार करा."

दुसऱ्या दिवशी ऐनावर पाटी लागली. 'भुंकण्यामुळे सहायता केंद्रात ग्राहकांचं बोलणं ऐकू येत नाही. भुंकणाऱ्यांनी आधी ऑनलाइन अर्ज करावा.'

सगुणानं पाटी शेवटपर्यंत वाचली. मग पाडसाला टेकडीमागं नेलं आणि भुंकायला शिकवलं.

तात्पर्य : बाळांनो, संकटात कधी ओरडू नये. ओरडल्यानं फार तर जीव वाचतो, डबा काही दुरुस्त होत नाही.