साहेबांची पाल

मनोहरराव चटकन "हो" म्हणून बसले आणि तिथंच सगळं बिघडलं. एरवी ते असं करणारे नव्हते. अठरा वर्षं सरकारी कचेरीत काढलेला माणूस. "पाहतो", "येऊ द्या फाईल" एवढ्यावर नोकरीही केली आणि संसारही. पण समोर खुद्द साहेब होते, मार्च चालू होता आणि बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, महिनाअखेर रिटायर होणार होते. बडे बाबूंच्या डोक्यावर पंखा होता. (मनोहररावांच्या टेबलापर्यंत त्याचा फक्त आवाज यायचा.) त्या पंख्याखाली आता कोण बसणार, हे साहेबांच्या गोपनीय अहवालावर ठरणार होतं. मनोहरराव किंवा चंद्रभान, दोघांपैकी एक.

झालं होतं असं की, ऊन तापायला लागल्यावर अंगणात सावलीसाठी पाल ठोकून द्या म्हणून बायकोनं, गोपिकाबाईंनी, घरात लकडा लावला होता. मनोहरराव कचेरीत ज्याला त्याला विचारत सुटले, "जुनंपुरानं पाल आहे काय गा कोणाकडं?" ते साहेबांच्या कानावर गेलं.

"मनोहरराव, तुम्हाला पाल हवीय म्हणे? आमच्याकडे आहे एक. मुलीनं हौसेनं आणली आणि स्वतः गेली पुण्याला कॉलेजात. आता त्या पालीकडे कुणी बघत नाही. नेता का?"

'पालीकडे' ऐकून मनोहररावांच्या मनात जरा चुकचुकलं. पण साहेब पुण्याकडचे. तिकडं तंबूलाही बाईमाणूस करत असतील, अशी त्यांनी समजूत घातली.

"नेतो, साहेब! फाटकी असली तरी चालेल. शिवून घेईन."

साहेब खो खो हसले. "कातडी सुटलीय थोडी. पण जपा हं, फार लाडकी आहे."

संध्याकाळी शिपाई नत्थू सायकलवर एक काचेची पेटी घेऊन घरी आला. गोपिकाबाईंनी वरचं फडकं उचललं आणि तसंच पुन्हा टाकलं.

"अवो, ह्याच्यात तं पाल आहे!"

"मग? पालच तं सांगितलं होतं तू."

"ठोकायचं पाल नाई! चार पायाची पाल!"

मनोहररावांनी वाकून पाहिलं. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, डोळे अर्धे चिकटलेले, पायांच्या बोटांवर वाळलेल्या कातडीच्या चिंध्या, शेपटी सुतळीसारखी. पेटीतल्या वाटीत पाण्याचा थेंब नव्हता.

"बिसखोपडा आहे हा," गोपिकाबाई भिंतीला टेकल्या. "याचा श्वास लागला तं माणूस जागच्या जागी जाते. परत करा!"

"साहेबाची लाडकी आहे वं ती! आता हिचं बरंवाईट झालं, तं माह्या अहवालात काय लिहिन तो?"

यावर गोपिकाबाईंनी पेटीसाठी एक कोपरा मोकळा केला. पंख्याची त्यांनाही हौस होती.

दुसऱ्या दिवशी मनोहरराव जनावरांच्या दवाखान्यात रांगेत उभे राहिले, पुढे एक म्हैस, मागे दोन बकऱ्या.

"काय आणलं?" श्रीधर डॉक्टरांनी विचारलं.

"पाल."

"मारायची आहे काय?"

"जगवायची आहे, साहेब. माझं प्रमोशन आहे तिच्यावर."

डॉक्टरांनी आधी मनोहररावांना तपासल्यासारखं पाहिलं, मग पालीला. "उपाशी आहे. ही शौकानं पाळायची जात आहे, विषारी-बिषारी काही नसते. ओल्या फडक्यात ठेवा, म्हणजे कातडी सुटेल. खायला जिवंत झुरळं द्या. शेपटी जाड झाली की जगली समजा. पण त्या शेपटीला धरू नका, हातात तुटून येते."

झालं! तेव्हापासून मनोहररावांच्या स्वप्नात रोज तुटलेली शेपटी येऊ लागली, आणि ती नेमकी साहेबांच्या टेबलावर वळवळत असे.

झुरळांचीही पंचाईत होती. गोपिकाबाईंच्या स्वयंपाकघरात झुरळ औषधालाही सापडायचं नाही. (इतके दिवस मनोहरराव ते अभिमानानं सांगत.) शेवटी त्यांना कचेरीतली रेकॉर्डरूम आठवली. इंग्रजांच्या काळापासूनची फायलींची गाठोडी, ना खिडकी ना पंखा, आणि झुरळांच्या पिढ्यान्पिढ्या. रोज मधल्या सुटीत रिकामा डबा घेऊन ते तिथं शिरायचे आणि घामाघूम होऊन, धुळीनं माखून बाहेर यायचे. एकदा दारातच साहेब भेटले.

"काय शोधताय एवढं?"

"जुनं प्रकरण आहे, साहेब," डबा पाठीमागे धरत मनोहरराव म्हणाले. डब्यातून खुडखुड ऐकू येत होती.

"वा!" म्हणून साहेब पुढे गेले.

पंधरा दिवसांत डोळे उघडले, शेपटी करंगळीएवढी झाली. गोपिकाबाई आता फडकं स्वतः ओलं करायच्या. "बाई जेवली काय?" असं विचारायच्या. नवऱ्याला कोणी विचारत नव्हतं.

आणि शनिवारी साहेबांचा निरोप आला: उद्या सकाळी पालीला बघायला येतो.

रविवारी पहाटे गोपिकाबाईंची किंकाळी ऐकून मनोहरराव उठले. "अवो, बाई पांढरी पडून राहिली! मेली वं माय!"

पाल खरंच चुन्यासारखी पांढरी झाली होती. हलेना, डुलेना. मनोहररावांना पंखा दिसेना, अहवाल दिसेना, ते पेटीपुढे बसून एवढंच म्हणत राहिले, "खा वं, एक तरी खा." गोपिकाबाई पदरानं डोळे पुसत होत्या.

तेवढ्यात पालीनं पेटीच्या काठाला नाक घासलं. पांढरी कातडी फाटली. पाल ती मोज्यासारखी ओढू लागली आणि ओढता ओढता खाऊनही टाकू लागली. साहेब आले तेव्हा ती आतून पिवळीधमक निघाली होती, आणि नवराबायको दोघंही रडत होते.

साहेब गहिवरले. "मनोहरराव, अहवालात काय लिहायचं ते मी आजच ठरवलं."

एक एप्रिलला ऑर्डर लागली. तारीख बघून मनोहररावांना आधी थट्टाच वाटली. बडे बाबू म्हणून चंद्रभान. आणि श्री. मनोहरराव यांच्यापुढे साहेबांनी मन लावून लिहिलं होतं: 'दुर्लक्षित गोष्टी जिवापाड जपणारे. मधल्या सुटीतही रेकॉर्डरूममध्ये रमतात. सबब रेकॉर्डरूम त्यांच्याकडे कायम सोपवण्यात येत आहे.'

घरी आले तर गोपिकाबाई दारातच. "मिळाला पंखा?"

"रेकॉर्डरूम मिळाली. कायमची."

गोपिकाबाईंनी आत वळून पेटीतल्या गुबगुबीत शेपटीकडे समाधानानं पाहिलं.

"मंग उद्यापासून मोठा डबा देते तुमाले."

तो डबा कोणाच्या जेवणाचा, हे विचारायची मनोहररावांची छाती झाली नाही.