परबकाकांचा मागचा मेंदू

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले परबकाका कुठेही गेले तरी काखेत उशी घेऊन जातात. मीटिंगला, लग्नाला, एकदा तर कुणाच्या तरी दहाव्यालाही. मूळव्याध असेल, असं मला बरीच वर्षं वाटायचं. शेवटी मी विचारलंच.

"मूळव्याध नाय गो! मेंदू दबता."

काकांना चौथीत गुरुजींनी डायनासोर शिकवला होता. पाठीवर पापड वाळत घातल्यासारखा दिसतो तो, स्टेगोसॉरस. डोक्यातला मेंदू अक्रोडाएवढा, म्हणून शेपूट सांभाळायला कमरेत दुसरा. मग माणसाच्याही माकडहाडापाशी थोडासा उरला असणारच, हे पुढचं संशोधन काकांचं स्वतःचं. रिक्षावाल्याने शिताफीने खड्डा चुकवला की ते खूश होऊन म्हणतात, "मागच्या मेंदूची कमाल!" सेक्रेटरींनी पाण्याची वेळ बदलली तेव्हा भर मीटिंगमध्ये उठून म्हणाले, "दोन्ही मेंदू बंद ठेवून निर्णय घेतलाय हा."

मी शाळेत विज्ञान शिकवते. माझं डोकं फिरायचं. "काका, ती हाडातली नुसती पोकळी होती. मेंदूबिंदू काही नाही. कधीच खोटं ठरलंय ते!"

"तुझ्या पुस्तकात ठरला असात," म्हणत ते उशी झटकायचे. गुरुजींपुढे माझी डिग्री म्हणजे किस झाड की पत्ती.

गेल्या रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. त्यांच्या बायकोचं, नलूकाकूंचं, विसरणं फार वाढलंय, हे मी नुसतं ऐकून होते. काकू आमच्या दोघांच्या मध्ये बसल्या होत्या, काकांच्याच उशीवर. नवऱ्याकडे बोट दाखवून त्यांनी मला हळूच विचारलं, "हे गृहस्थ कोण गं? रोज जेवायला असतात."

"मी परब," काका अदबीने म्हणाले.

"बरं बरं. लाजू नका, पोटभर जेवा."

बोलता बोलता काकूंची बोटं बांगड्यातले काटे काढत होती. साफ केलेला तुकडा त्यांनी न बघताच काकांच्या ताटात ठेवला. लग्नाच्या पहिल्याच वर्षी काकांच्या घशात काटा अडकला होता, तेव्हापासून त्या असंच वाढत आल्यात.

काकांनी घास उचलला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला विचारलं, "तू शिकलेली. खरा सांग. दुसरो मेंदू नव्हतोच?"

मला रडू आवरेना. "डायनासोरचं सोडा, काका," मी म्हटलं. "काकूंना आहे."

मग कुठे ते जेवले.