अण्णांचा मुन्सफ

वैशाख शुद्ध नवमी. सकाळपासून मी बुंदीचे लाडू वळत होते. दुसऱ्या दिवशी माझ्या पारूचं लग्न होतं, वऱ्हाड संध्याकाळी यायचं होतं, आणि तोवर दोन कामं उरकायची होती. एक, लाडू. दुसरं, मुन्सफाला गोठ्यात बांधून ठेवणं.

मुन्सफ म्हणजे कुत्रा. माझ्या थोरल्या दिरांचा, गुरप्पाअण्णांचा. रंग तांबूस, एक कान उभा, दुसरा पडका. नाव अण्णांनी विचारपूर्वक ठेवलं होतं. कोर्टातला मुन्सफ फिर्याद ऐकून फैसला देतो, हा गाणं ऐकून देत असे. भजन असो, सनई असो, गोंधळ असो, उरुसातली कव्वाली असो, अण्णा त्याला मांडीला चिकटवून बसत आणि गवयाऐवजी कुत्र्याकडं बघत. मुन्सफानं पुढच्या पायांवर हनुवटी टेकली, की अण्णा डोलायला लागत. तो उठून चालू लागला, की अण्णा पंजा वर करून म्हणत, "साकु!" साकु म्हणजे कानडीत पुरे. मग पागोटं सावरत उठत आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं सांगत, "फैसला झाला!"

कुत्र्याला गाण्यातलं काही कळत होतं की नाही, मला ठाऊक नाही. भाकरीतलं मात्र कळत होतं.

ही निझामाच्या राज्यातली गोष्ट, शेवटच्या काही वर्षांतली. आमचं जळकोट सोलापूर-हैदराबाद सडकेवर. देवाजवळ कानडी, बाजारात मराठी आणि कचेरीत उर्दू, अशी आमची वाटणी. अण्णांच्या एका वाक्यात तिन्ही सापडत. आवाज असा, की ते ओट्यावर बोलले की वेशीतली माणसं हुंकार देत.

आमच्याकडं थोरल्या दिरासमोर बाईनं फार बोलू नये असा रिवाज होता. मला तो जमण्यातला नव्हता. पण अण्णा समोरच्याला बोलूच देत नसत, त्यामुळं तो आपोआप पाळला गेला. मी दारात दिसले की ते सुरू होत. "गंगव्वा, जेवण लई झ्याक झालं, तब्येत ठीक हाय, दुकानाची किल्ली खुंटीला हाय, आनि मुन्सफानं दूध पिलंय." मी विचारायला गेलेली असे, की पाव्हण्यांना रात्री पिठलं चालेल का. त्याचं उत्तर त्यात नसे.

दुकानातही तीच तऱ्हा. अण्णांचं दुकान किराणा-भुसाराचं. भाव एकदा सांगायचा आणि गिऱ्हाइकाकडं पाठ करून वजन करायला लागायचं. मागं कुणी कितीही घासाघीस करो. "गुरप्पाअण्णाचा शब्द म्हंजे दगडावरची रेघ," असं गाव कौतुकानं म्हणायचं. मीही म्हणायचे.

अण्णांची बायको, माझी जाऊ, लवकर गेली. मूलबाळ नव्हतं. तरुणपणी अण्णा मठातल्या भजनात तबला वाजवायचे आणि पारू दोन वर्षांची असल्यापासून त्यांच्या मांडीवर बसून ताल धरायची. पुढं एका वर्षी त्यांनी तबला फडक्यात बांधून माळ्यावर टाकला. "बोटं दुखत्यात," म्हणाले. त्याच वर्षी कुठून तरी हे पिल्लू आणलं. आम्हाला वाटलं, माणसाला विरंगुळा हवा. बरं झालं.

त्यानंतर अण्णांची भ्रमंती सुरू झाली. छकडा जुंपायचा, आत कडबा, कडब्यावर घोंगडं, घोंगड्यावर मुन्सफ. ढोकीला सप्ताह, तुळजापूरला चौघडा, येरमाळ्याला येडाईची जत्रा. येरमाळा म्हणजे आमच्याकडून वाटेत तीन मुक्काम. फक्त सोमवारी ते निघत नसत, कारण आमच्यात सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. पारूला बरोबर नेत आणि पारूसाठी मला जावं लागे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. घरी चूल होती. छकड्यात फक्त रस्ता होता, दशम्या होत्या आणि पारूची बडबड. सडकेच्या कडेला लिंबाखाली बैल सोडले की अण्णा मुन्सफाला आधी पाणी पाजत, मग बैलांना, मग आम्हाला. मी तोंड वाकडं केलं की म्हणत, "न्यायाधीशाचा मान पयला."

एकदा सोलापूरहून परतताना करोडगिरीच्या नाक्यावर छकडा अडवला. इंग्रजांच्या मुलखातून येणाऱ्या मालावर तिथं जकात घेत. शिपाई पुढं आला, तोंड उघडलं, तेवढ्यात अण्णा सुरू झाले. "लुगडी दोन, एक भावजयीचं, एक पोरीचं. बांगड्या काचेच्या. कुत्रं आमचं, नाव मुन्सफ, जात गावठी, वय चार, चावत न्हाय." शिपाई हातवारे करत ओरडत होता, "अरे अण्णा, खीळ! चाक की खीळ गिर गई!" अण्णा म्हणाले, "व्हय व्हय, मेहेरबानी, सलाम," आणि बैल हाकले. मी मागून ओरडतेय, पारू ओरडतेय. तीस पावलांवर चाक निघून आमच्या पुढं पळालं, छकडा एका बाजूला कलला आणि मी दोन लुगड्यांसकट रस्त्यावर. मुन्सफ उडी मारून चाकामागं धावला. अण्णा उठले, धूळ झटकली आणि म्हणाले, "फैसला झाला." मला इतका राग आला होता, की चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलं. पारूच्या साखरपुड्यातलं मात्र गेलं नाही.

पारूचे सासरे सोलापूरचे, शाळेतले निवृत्त मास्तर. कपड्याला डाग नाही, बोलण्यात चूक नाही. साखरपुडा झाल्यावर कुणीतरी आग्रह केला म्हणून मास्तर स्वतः भजन म्हणायला बसले. आवाज बरा होता. माझ्या मते भजन जरा लांबलं, पण व्याह्यांचं भजन लांबणारच. चौथं कडवं सुरू झालं आणि मुन्सफ उठला. अंग झाडलं, जांभई दिली आणि व्याह्यांच्या पुढ्यातून चालत दाराबाहेर गेला.

माझे यजमान अण्णांचा हात धरायला धावले. पोचायच्या आत पंजा वर गेला होता.

"साकु! फैसला झाला!"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि घडी घालून डबीत ठेवला. आठ दिवसांनी निरोप आला. मुलगी पसंत, लग्न ठरल्याप्रमाणं जळकोटलाच. पण ते कुत्रं मांडवात दिसलं, तर वऱ्हाड माघारी फिरेल.

मास्तर बोलल्यासारखं करणारे होते. म्हणून नवमीच्या सकाळी लाडवाचे हात धुऊन मी मुन्सफाच्या गळ्यात दावं घातलं. अण्णा ओट्यावर उभे राहून बघत होते. भांडतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "मग मी बी उद्या दुकानात बसतो. मांडवात मला काय काम?"

"पोरीच्या लग्नात रुसताय व्हय?" मी म्हणाले. ते वळून गेलेसुद्धा. मी लाडवांकडं परतले. ज्या पोरीला खांद्यावर बसवून जत्रा दाखवल्या, तिच्या लग्नात कुत्र्यापायी दुकानात बसणारा माणूस! मी रागानं असे लाडू वळले, की ते शेवटपर्यंत कुणाला फुटले नाहीत.

दुपारी येरमाळ्याचा सनईवाला गुरव आपला ताफा घेऊन आला. येडाईच्या जत्रेत मुन्सफानं पसंत केलेला हाच. त्याच्या सनईपुढं कुत्रा तासभर पडून राहिला होता आणि अण्णांनी तिथंच पारूच्या लग्नाची सुपारी दिली होती. तेव्हा पारूला स्थळसुद्धा आलेलं नव्हतं.

चौघड्याची कातडी उन्हात तापायला ठेवून गुरव मांडवात बसला. अण्णा नुकतेच घरातून येऊन ओट्यावर रस्त्याकडं तोंड करून सुपारी कातरत होते, मांडवाकडं पाठ. मधे चार हातांचं अंतर.

"अण्णा, सूर लावून दावतो, ऐका," गुरव म्हणाला आणि त्यानं सनई ओठाला लावली.

काय वाजवली! गल्लीतल्या बाया दारात आल्या. शेजारची म्हैस रवंथ थांबवून मान उंच करून उभी राहिली. पारू हळदीच्या अंगानं खिडकीत आली. माझ्या हातातला लाडू हातातच राहिला.

अण्णा सुपारी कातरत होते. कट्. मग थांबून, कट् कट्. सनईच्या तालाशी त्याचा काही संबंध नव्हता. या माणसानं जन्मात कधी बेताल सुपारी कातरली नव्हती. मागं चार हातांवर सनई चालली होती आणि अण्णा अडकित्त्यात अडकलेलं खांड नखानं काढत होते.

गुरवानं सनई खाली घेतली. बिचाऱ्याचा चेहरा पडला. "अण्णा नाराज हायती जनू."

"अण्णा," मी हाक मारली. मग मोठ्यानं. मग चुलीवरचं दूध उतू जाताना मारते तशी, "अण्णा!"

कट्.

मी गोठ्यात गेले आणि दावं सोडलं.

मुन्सफ धावत ओट्यावर चढला, अण्णांच्या पायाशी बसला आणि मांडवाकडं कान वळवले, उभाही आणि पडकाही. अण्णांनी आधी कुत्र्याकडं पाहिलं. मग कुत्रा बघत होता तिकडं वळले. गुरवाच्या हातातली सनई दिसली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा! कवा आलासा? वाजवा की!"

सगळे खो खो हसले. अण्णांची जुनीच गंमत. मी हसले नाही. मला दुकानातली पाठ आठवली, नाक्यावरचं चाक आठवलं, माळ्यावर टाकलेला तबला आठवला. एकाच घरात राहून मला इतक्या वर्षांत हे कळलं नव्हतं, आणि कुत्र्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

गुरव पुन्हा वाजवू लागला. मुन्सफानं हनुवटी टेकली. अण्णांचा डावा हात त्याच्या पाठीवर होता, नजर कधी त्याच्या कानावर, कधी गुरवाच्या बोटांवर, कधी त्याच्या ताल धरणाऱ्या पायावर. उजव्या हातानं ते ओट्यावर ठेका धरत होते. एक मात्रा चुकली नाही.

वाजवणं थांबल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. ते लगेच सुरू झाले. "गंगव्वा, बांधतो, कुत्रं मी सोता बांधतो. मी बी दुकानात बसतो. पोरीचं लगीन मोडाया नगं—"

मी पंजा वर केला. "साकु."

अण्णांनी माझ्या हाताकडं पाहिलं. मग माझ्या तोंडाकडं, बराच वेळ.

दशमीला उजाडताच मी चहाची किटली घेऊन जानवशात गेले. मास्तर आंघोळ करून, भस्म लावून बसले होते.

"व्याहीबुवा, एक चूक कबूल करायची आहे," मी म्हणाले. "साखरपुड्याला ते कुत्रं आपणहून उठलं नव्हतं. मला पंगतीची घाई होती. मी मागच्या दारातून भाकरी दाखवून त्याला उठवलं."

मास्तरांनी कप खाली ठेवला. "म्हणजे मनानं उठला नव्हता?"

"मनानं कसला उठतोय! तुमच्या भजनात असा गुंगला होता, की भाकरी दोनदा दाखवावी लागली."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. या वेळी तो परत डोळ्यांवर चढवला. "तरीच," ते म्हणाले. "तिसऱ्या कडव्याला त्याचा कान हलला होता. मी हिला तेव्हाच बोललो होतो." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "मांडवात बसवा त्याला. मागं कुठं कोपऱ्यात नको."

मी रिकामी किटली घेऊन घरी आले. छकड्यातलं घोंगडं काढून अंगणात झटकलं, कडब्याची काडी न् काडी वेचली आणि मांडवात सनईवाल्याच्या अगदी शेजारी अंथरलं, दोघं ऐसपैस बसतील असं.