चाळीस आलेख आणि एक लॅम्डा

अमेरिकेतल्या आमच्या बोल्डर गावच्या सूर्य-वेधशाळेत आलेखांवर अक्षरं काढण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. हे माझं मत, आणि ते मी सगळ्यांना ऐकवत असे. आमच्या संगणकाच्या भाषेत अक्षर म्हणजे रेघांची यादी. यादी दिली की यंत्र त्या रेघा पेनासारख्या ओढत जातं. शिवाय चाळीस आलेखांना चाळीस हुकूम लागत नाहीत. सगळे एका रांगेत उभे करायचे, एक ओळ लिहायची आणि कॉफी प्यायला जायचं. मी गेलो.

आमच्या गटाची तीन वर्षांची मुदतवाढ त्याच आलेखांवर अडली होती. वॉशिंग्टनची समिती सकाळी दहाला यायची होती. मी पहिला आलेख पाहिला, झकास होता. म्हणून बाकीचे न बघताच छापले, बांधले आणि समितीपुढे ठेवले.

आमच्या प्रमुख इन्ग्रिडबाई. दुसरं पान उलटलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्या माझ्या कानाशी आल्या.

"वेन्डेल, हे ग्रीकमध्ये का आहे?"

मी पान ओढून पाहिलं. पहिल्या आलेखावर सगळ्यात शेवटी तरंगलांबीचा लॅम्डा हवा म्हणून मी ग्रीक अक्षरं चालू केली होती, आणि बंद करायला विसरलो होतो! थांब म्हणेपर्यंत यंत्र ग्रीकच गिरवत बसतं. एकोणचाळीस आलेखांचं तेच झालं होतं, खाली माझ्या नावासकट. आकडे तेवढे बचावले होते.

"यांच्यात कुणाला ग्रीक येत असेल तर?"

"आलं तरी काही कळायचं नाही, बाई. शब्द इंग्रजीच आहेत."

"वा. म्हणजे दोन्हीकडून बोंब."

समितीत पाच विद्वान. आपल्याला हे वाचता येत नाही असं एकानेही कबूल केलं नाही. प्रत्येकजण शेजाऱ्याकडे बघायचा, शेजारी गंभीरपणे मान डोलवायचा, की हाही डोलवायचा. अध्यक्ष प्रुइटसाहेबांनी तर बेगल चावता चावता सतराव्या पानावर बोट ठेवलं.

"हे मात्र धाडसाचं काम आहे."

तीन वर्षं मिळाली.

चूक दुरुस्त करायला बसलो तेव्हा इन्ग्रिडबाई म्हणाल्या, "राहू दे की तसंच." पण मी कारागीर माणूस, मला कुठलं राहवतंय? तीन वर्षांनी तीच समिती आली. तसेच चाळीस आलेख, या खेपेस सुवाच्य इंग्रजीत.

त्यांनी ते वाचले. आमचा गट बंद झाला.