न धुतलेली पळी

एका जंगलात एक अस्वलीण बिअर करायची. थांबा. ज्यांना अजून मिशा फुटल्या नाहीत त्यांनी बाहेर जाऊन विटीदांडू खेळावा. उरलेल्या पन्नाशीच्या बाळांनो, पुढे सरका, चष्मे पुसा आणि मधे मधे प्रश्न विचारू नका. मला राग येतो.

तर अस्वलिणीचं नाव मथूमावशी. तिची आई बिअर करायची, आईची आईही करायची. रीत साधी होती. सातू भिजवायचा, त्याला मोड आणायचे, उन्हात वाळवून जाडाभरडा दळायचा. तांब्याच्या हंड्यात गरम पाण्यात तास-दोन तास मुरवून गोड पाणी गाळून घ्यायचं. ते उकळताना त्यात हॉप्सची कडू फुलं टाकायची. ही फुलं आपल्याकडे होत नाहीत. थंड मुलखातली बदकं दर हिवाळ्यात पंखाखाली घालून आणायची आणि बदल्यात दोन पेले मागायची. दोनाचे चार कधी व्हायचे ते बदकांनाही कळत नसे.

मग पाणी निववून मडक्यात ओतायचं आणि लाकडी पळीने सात वेळा ढवळायचं. बस्स. दोन दिवसांत मडकं फसफसायला लागायचं. पंधरवड्याने बिअर बांबूच्या नळ्यांत भरायची, प्रत्येकीत गुळाचा एक खडा टाकायचा आणि बूच ठोकायचं. आठवड्याने बूच उडालं की पेला तिरका धरून ओतायची. वर दोन बोटं फेस.

नियम एकच होता. पळी धुवायची नाही. ढवळून झालं की तशीच खुंटीला टांगायची. का, ते आईने सांगितलं नव्हतं. आईला तरी कुठे माहीत होतं? मी सांगतो. त्या पळीच्या भेगांमध्ये यीस्ट राहत होतं. डोळ्यांना न दिसणारं, पिढ्यान् पिढ्या त्याच घरात नांदणारं. सातूच्या गोड पाण्याची बिअर तेच करायचं. नाव मात्र मावशीचं व्हायचं.

मावशीची गुहा झऱ्याकाठी होती. बारा महिने थंडगार. वाघमहाराजांच्या पणजोबांनी ती या घराण्याला दिली होती, एका अटीवर. जोवर मडकं फसफसेल तोवर गुहा तुमची. ज्या वर्षी फसफसणार नाही त्या वर्षी सामान उचलायचं.

दर वर्षी महाराजांच्या वाढदिवसाला मावशीची बिअर असे. यंदाही तिने आधी सातू पारखायला म्हणून एक छोटं मडकं लावलं. ढवळलं, झाकलं, सरपणाच्या मागे ठेवलं. दुसऱ्या दिवशी मोठं मडकं लावायचं होतं.

आणि दुसऱ्या दिवशी बगळेसाहेब आले.

बगळेसाहेब पांढरेशुभ्र होते. पलीकडच्या जंगलात त्यांनी बिअर या विषयाचं तीन दिवसांचं शिबिर केलं होतं. त्यातले दोन दिवस नाश्त्यात गेले, पण प्रमाणपत्र गळ्यात होतं. महाराजांनी त्यांना बिअर सल्लागार नेमलं होतं.

साहेबांनी एका पायावर उभं राहून गुहा पाहिली. "थर्मामीटर कुठे आहे?"

"हे काय," मावशीने कोपर दाखवलं. "कोपर भाजलं नाही की समजायचं निवलं."

साहेबांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांना पळी दिसली. काळीकुट्ट, चिकट, वरून पापुद्रे आलेली.

"ही शेवटची कधी धुतली होती?"

"धुतात व्हय ती?"

साहेबांना भोवळच आली. सावरल्यावर त्यांनी सगळ्या जंगलाला बोलावलं आणि सगळ्यांसमोर ती पळी राखेने घासली. मग उकळत्या पाण्यात टाकली. एकदा नाही, तीनदा. टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात टाळ्या रानडुकराने वाजवल्या.

पळी लख्ख झाली. मावशीला ती आपली वाटेना. पण एवढा शिकलेला पक्षी सांगतोय, तर असेल काही, असं ती मनाला म्हणाली. साहेबांनी थर्मामीटर आणला, तिने त्याच पळीने मोठं मडकं सात वेळा ढवळलं आणि साहेबांनी झाकणाला काचेची वाकडी नळी बसवली. आतून वायू सुटला की नळीतल्या पाण्यात बुडबुडे दिसणार होते.

दोन दिवस झाले. बुडबुडा नाही. पाच दिवस झाले. नाही. मावशी नळीला नाक लावून बसू लागली. तिचं जेवण तुटलं. आईची आठवण यायची, गुहेची भिंत हाताला थंड लागायची आणि रडू यायचं.

"सायेब, हे मेलंय," ती शेवटी म्हणाली.

बगळेसाहेब आतून हादरले होते. पण प्रमाणपत्रवाला असा सहजासहजी हादरल्याचं दाखवत नाही. "मेलेलं नाही, मावशी. ही मौन पद्धत आहे. बुडबुडे हा गावठीपणा झाला."

वाढदिवस उजाडला. दुपारी दरबार भरला. पेले भरले. फेस आला नाही. साहेबांनी चोच पुसली आणि घोषणा केली, "महाराज, ही मौन पद्धतीची बिअर. हिचा फेस दिसत नाही, चव सामान्य जिभेला कळत नाही. पिणारा जितका खानदानी, तितकी ती लवकर चढते."

आता सांगा, आधी कोणाला चढायला हवी?

अर्ध्या पेल्यात महाराजांची मान डुलू लागली. ते पाहून गव्याने पाव पेल्यातच गाणं सुरू केलं. रानडुकराला नुसत्या वासाने झाली. साळिंदर सगळ्यांना मिठ्या मारत सुटलं आणि सगळे पळत सुटले. मजा होती.

भिकू ससा आयुष्यात कधी मोठ्याने बोलला नव्हता. तो चढली म्हणून मेजावर चढला. "महाराज! तुमच्या तोंडाला घाण वास येतो. दरबारात आम्ही सगळे नाक दाबून बसतो!"

गव्याचं गाणं थांबलं. पण महाराजांनाही चढली होती ना! त्यांनी सशाला उचललं, छातीशी धरलं आणि हुंदका दिला.

"भिकू, अरे माझ्या गुडघ्यांत जीव राहिला नाही. गेल्या उन्हाळ्यापासून एक शिकार नाही. ओढ्यातले खेकडे खातोय मी. शिळे. वास येणार नाही तर काय?"

सगळा दरबार रडला. वर्षानुवर्षांचं साचलेलं बाहेर आलं. कोणी कोणाची माफी मागितली, कोणी कोणाला शिव्या दिल्या. जंगल इतकं हलकं कधीच झालं नव्हतं.

मावशीने तेवढ्यात आपला पेला तोंडाला लावला. एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. गुहा डोळ्यांसमोर आली. गप्प राहिली असती तर कोण विचारणार होतं? पण आपल्या हातचं म्हणून लोक हे पाणी पीत होते, ते तिला सोसेना. ती उठली.

"महाराज, ही फसली. मडकं फसफसलंच न्हाई. सातूचं गोड पाणी हाय नुसतं, तान्ह्या पोराला पाजा. गुहा सोडते म्या."



सशाने महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी सशाकडे पाहिलं. ससा अजून त्यांच्या छातीशीच होता. पाणी प्यालो असू तर हे बोललं कोण? महाराजांचे कान लाल झाले. जंगलभर आता खेकड्यांची गोष्ट होणार होती.

"मावशीला चढली!" ससा किंचाळला.

"फार चढली!" महाराज गरजले.

"बरळतेय बिचारी," गवा म्हणाला. "सर्वांत जास्त तिलाच झालीय."

"माजं ऐका तरी!" मावशी ओरडली. तिचं ओरडणं पाहून उरल्यासुरल्यांचीही खात्री पटली.

महाराज म्हणाले, "इतकी कडक बिअर या घराण्यात कधी झाली नव्हती. गुहा मावशीचीच. तिला कोणीतरी सांभाळून घरी पोचवा." बगळेसाहेबांना शाल मिळाली. दर वर्षी मौन पद्धतच वापरायची असं ठरलं.

घरी येऊन मावशी मटकन बसली. गुहा राहिली होती, पण अब्रू गेल्यासारखं वाटत होतं. चूल पेटवावी म्हणून तिने सरपण ओढलं, तर मागे ते छोटं मडकं. त्याच्या कडेला वाळलेला फेस होता. झाकण काढताच ओळखीचा वास आला. तिने बोट बुडवून चाखलं आणि एकटीच हसत सुटली. काय धुतलं गेलं होतं ते आता तिला कळलं. तिने ती लख्ख पळी उचलली, मडक्याच्या तळच्या गाळात मनसोक्त घोळवली आणि न पुसता खुंटीला टांगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकू ससा माफी मागायला आला. मावशीने त्याला खऱ्या बिअरचा पेला दिला. मग दुसरा. तिसऱ्याला सशाचे कान एकमेकांत अडकले आणि डोळे फिरले.

"आता बोल," मावशी म्हणाली. "महाराजांना काय म्हनला व्हतास?"

सशाने दोन्ही पंजे तोंडावर दाबले, बाहेर कोणी नाही ना ते पाहिलं आणि कुजबुजला, "गप, मावशे. चढलेली असताना असलं बोलतात व्हय?"

तात्पर्य: पळी रोज राखेने घासावी आणि तीनदा उकळावी. घाणेरड्या पळीने नुसती बिअर होते. स्वच्छ पळीने राजाच्या तोंडावर खरं बोलायची सोय होते. तरीही एखादा शुद्धीत असून खरं बोललाच, तर त्याला सांभाळून घरी पोचवावं.