साळूबाईंचा रिकामा चौकोन

एका जंगलात साळूबाई राहत होत्या. मुलांनो, साळूबाई म्हणजे साळिंदर, जिच्या अंगभर काटे असतात ती. या साळूबाई गणिती होत्या. काही सुचलं की पाठीवरचा एक काटा उपटायचा, बोरूसारखा तासायचा आणि पिंपळपानावर समीकरण लिहायला बसायचं. मोठा सिद्धांत लिहून झाला की त्यांच्या पाठीला थंडी वाजायची.

जंगलातल्या नदीला एक जुना मातीचा बांध होता. बांधाच्या पायथ्याशी घूसमावशी पिल्लं घेऊन बिळात राहत. एकदा साळूबाईंनी सहज म्हणून त्या बांधाचं गणित मांडलं. गणिताची शेवटची ओळ अगदी छोटी होती. डावीकडे पाणी, उजवीकडे बांध आणि मधे ‘पेक्षा जास्त’ हे चिन्ह. म्हणजे येत्या श्रावणात बांध फुटणार होता.

मग घूसमावशींनी सरळ टेकडीवर जावं की नाही? पण त्या जंगलात तशी रीत नव्हती. टेकडी होती विज्ञान परिषदेची. परिषदेनं निबंध मंजूर केल्याशिवाय तिथं कुणाला राहायला जाता येत नसे.

परिषदेचे अध्यक्ष बगळेसर. पांढरेशुभ्र, कायम एका पायावर. त्यांनी साळूबाईंचं पान लांब धरलं, पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

“साळूबाई, हा क्ष इथं ताठ उभा आहे आणि खालच्या ओळीत तिरका झालाय. वर्गमुळाचं छप्पर अर्ध्यातच संपलंय, बाकीची संख्या उघड्यावर पडलीय. आधी हे गणितासारखं दिसू दे. बरोबर आहे का, ते मग बघू.”

साळूबाईंना राग आला. इथं जिवाशी गाठ आहे आणि या माणसाला, म्हणजे बगळ्याला, छपराची पडलीय. पण टेकडीची किल्ली त्याच्याकडे. त्या मुकाट्यानं सुगरणताईंकडे गेल्या.

सुगरणताई जंगलातल्या जुळारी. अक्षरं आणि चिन्हं जुळवून पान छापायचं, हा त्यांचा धंदा. बाभळीला त्यांचे खोपे लटकलेले आणि प्रत्येक खोप्यात एकेक फॉन्ट. साळूबाई म्हणाल्या, “कुठलाही द्या, मला घाई आहे.” सुगरणताईंनी त्यांच्यासमोर संकलनाची, म्हणजे लांबट ‘एस’सारखी, दोन चिन्हं ठेवली. एक ताठ, एक किंचित झुकलेलं.

साळूबाई पाहतच राहिल्या. आजवर त्यांनी हजारदा ते चिन्ह लिहिलं होतं, पण त्याला कंबर असते हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

झालं. त्या दिवसापासून साळूबाईंना दुसरं काही सुचेना. या फॉन्टमधली बेरीज पोट सुटल्यासारखी दिसे. त्या फॉन्टमधला कंस अपूर्णांकाला पुरत नसे. एकात सगळं छान, तर शून्य आणि ओ जुळी भावंडं. रोज नवा खोपा उघडायचा, पान जुळवायचं, मान तिरकी करून बघायचं आणि मोडायचं.

घूसमावशी येता-जाता विचारत, “साळूबाई, बांधाचं काही कळलं का?”

“मावशी, अजून भागाकाराच्या रेघेची जाडी ठरत नाहीये,” साळूबाई म्हणत. वर मनात चिडतही. या अडाणी बाईला सौंदर्याची कदर म्हणून नाही.

आषाढ सरता सरता परदेशाहून आलेल्या चातकांनी एक नवा फॉन्ट आणला. साळूबाईंनी त्यात पान जुळवून पाहिलं आणि त्यांचे काटे उभे राहिले. इतकं देखणं गणित त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. फक्त एक अडचण होती. त्या फॉन्टमध्ये ‘पेक्षा जास्त’ हे चिन्हच नव्हतं. त्याच्या जागी रिकामा चौकोन उमटत होता.

सुगरणताई म्हणाल्या, “त्यात काय, एवढं एक चिन्ह जुन्या फॉन्टमधून घालते.”

एका पानावर दोन फॉन्ट? साळूबाईंच्या अंगावर शहारा आला. “नको. चौकोनच राहू दे. सभेत तोंडी सांगेन मी.”

सभा भरली. पान बघून बगळेसरांचे डोळे पाणावले. निबंध मंजूर झाला आणि साळूबाईंना शाल-श्रीफळ मिळालं. शाल काट्यांत अडकून फाटली, पण ते कुणी मनावर घेतलं नाही. शेवटच्या ओळीपाशी तर सगळे विद्वान थांबले. पाणी, चौकोन, बांध. केवढा संयम, केवढी शक्यता, असं जो तो म्हणू लागला.

तेवढ्यात मागून घूसमावशी उभ्या राहिल्या. “त्या चौकोनात काय आहे, बाई? आम्ही जायचं की राहायचं?”

उत्तर साळूबाईंच्या जिभेवर होतं. पण ते सांगायचं म्हणजे आपला फॉन्ट अपुरा आहे हे चारचौघांत कबूल करायचं. सगळी सभा कौतुकानं त्यांच्याकडे बघत होती.

“ते संदर्भावर अवलंबून आहे,” साळूबाई म्हणाल्या. टाळ्या पडल्या. घूसमावशी पिल्लांना घेऊन घरी गेल्या.

श्रावणात बांध फुटला. घूसमावशी एका ओंडक्याला धरून वाहत टेकडीला लागल्या. पिल्लं लागली नाहीत.

परिषदेला अतोनात दुःख झालं. बांधाच्या जागी तिनं एक शिळा उभारली आणि तिच्यावर निबंधाची शेवटची ओळ कोरली. मूळ प्रतीशी इमान राखायचं म्हणून चौकोन तसाच ठेवला. घूसमावशी शिळेसमोर गेल्या. त्यांनी नखानं चौकोनात वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं : जास्त.

दुसऱ्या दिवशी साळूबाई फुलं घेऊन आल्या. त्यांनी ती ओळ पाहिली आणि त्यांना हुंदका आवरेना. बगळेसरांनी पाठीवरून पंख फिरवायचं मनात आणलं, पण काटे पाहून ते थांबले.

“कळतंय मला, साळूबाई. लहान जीव होते.”

“तसं नाही हो,” साळूबाई डोळे पुसत म्हणाल्या. “एका ओळीत अक्षरांची दोन वळणं झाली.”

तात्पर्य : मुलांनो, एका पानावर दोन फॉन्ट कधीही वापरू नयेत. बांध काय, पुन्हा घालता येतो.